देश कसा बदलला हे आकड्यांतून शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनगणना, कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, महागाई निर्देशांक अशा सरकारी आकडेवारीवरून भारताच्या बदलाचा माग काढणाऱ्यांना जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत, पण अडचणी सगळीकडे त्याच. प्रत्येक उत्तराच्या मुळाशी एकच शंका आहे: फरक दिसतोय तो देशात पडलाय, की मोजण्याच्या रीतीत?

सुरुवात कोणत्या आकडेवारीपासून करावी?

प्रश्न आधी ठरवा, मग आकडेवारी. गाव, तालुका किंवा वॉर्डपर्यंत उतरायचे असेल तर जनगणनेला पर्याय नाही. जन्मदर, लसीकरण, कुपोषण हवे असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. त्याच्या फेऱ्या १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ अशा झाल्या. बालमृत्युदराची वर्षागणिक मालिका एसआरएसकडे, म्हणजे नमुना नोंदणी पद्धतीकडे मिळते. हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू १९७१ मध्ये १२९ होते, १९९१ मध्ये ८० आणि २०२० मध्ये २८. इतकी सलग आणि एकाच पद्धतीची मालिका भारतात फार थोड्या गोष्टींची आहे. रोजगारासाठी २०१७ पासूनचे पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, आणि त्याआधीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्या आहेत. फक्त एका जिल्ह्याचे चित्र हवे असेल, तर राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आधी चाळा. पुष्कळदा काम तिथेच भागते.

जनगणना किती मागे नेता येते?

१८७२ ची पहिली मोजणी देशभर एकाच वेळी झालेली नव्हती. एकाच वेळची पहिली गणना १८८१ ची, आणि तिथून २०११ पर्यंत दर दहा वर्षांचा खंड पडलेला नाही. मात्र १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये गणना झाली नाही. देशाच्या बेरजेत तिथले आकडे अंदाजाने भरलेले आहेत.

व्यवहारात १९०१ पासून सुरुवात करणे बरे. जनगणनेचा ए-२ हा तक्ता १९०१ पासूनची लोकसंख्या प्रकाशनाच्या वेळच्या जिल्हासीमांनुसार जुळवून देतो. त्याआधी जायचे तर मूळ ग्रंथ उघडावे लागतात आणि तिथे ‘महाराष्ट्र’ नावाचा रकानाच नसतो. मुंबई इलाख्यात १९३६ पर्यंत सिंधही होता. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात, कोल्हापूर वेगळे संस्थान. ही जोडाजोड स्वतः करण्याचा हट्ट शक्यतो धरू नये.

रत्नागिरीची लोकसंख्या दोनदा घटलेली दिसते. दोन्ही वेळा खरेच घटली का?

नाही. १९८१ आणि १९९१ चे मूळ तक्ते शेजारी ठेवले तर रत्नागिरी जिल्हा एकदम आक्रसतो. कारण १९८१ ची मोजणी आटोपल्यावर, १ मे १९८१ रोजी, सिंधुदुर्ग वेगळा झाला. १९८१ च्या तक्त्यात अखंड रत्नागिरी आहे, १९९१ च्या तक्त्यात उरलेली. ही घट कागदावरची.

२००१ ते २०११ ची घट मात्र खरी. सीमा त्याच होत्या आणि रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, म्हणजे ४.८ टक्के खाली. सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरला. घटता जन्मदर आणि मुंबई-पुण्याकडे चाललेली तरुण माणसे ही त्यामागची मुख्य कारणे. त्याची खूण त्याच जनगणनेत दिसते: २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी कसोटी अशी. शेजारच्या जिल्ह्यांची बेरीज करून पाहा. घट बेरजेत नाहीशी झाली तर ती सीमेची, बेरजेतही टिकली तर माणसांची.

मग जिल्हे जुळवायचे कसे?

तालुक्यांवरून. १९६० साली महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. जालना (१९८१), लातूर आणि गडचिरोली (१९८२), मुंबई उपनगर (१९९०), नंदुरबार आणि वाशीम (१९९८), हिंगोली आणि गोंदिया (१९९९), पालघर (२०१४) हे सगळे मधल्या काळात झाले.

पद्धत अशी ठेवा:

१. ज्या दोन गणना तुलनेला घ्यायच्या, त्या दोन्हींच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांतून तालुक्यांची यादी काढा.

२. प्रत्येक तालुक्यापुढे ‘जुना जिल्हा’ आणि ‘नवा जिल्हा’ असे दोन रकाने करा.

३. जुन्या मोठ्या जिल्ह्याच्या मापाने तुलना करणार की नव्या लहान जिल्ह्याच्या, हे ठरवून त्या रकान्यावर बेरीज घ्या. नवे जिल्हे जोडून जुना बनवणे सोपे आणि भरवशाचे. जुना फोडून नवे बनवायचे तर तालुके मध्येच कापलेले निघतात.

४. बेरीज ए-२ तक्त्याशी ताडून पाहा.

‘जालना म्हणजे औरंगाबादचा तुकडा’ असे धरून चालणारे इथे फसतात. परतूर तालुका परभणीतून आला होता. तालुक्यांची संख्याही स्थिर नाही: २००१ मध्ये ३५३, २०११ मध्ये ३५५. नावांवरून जुळवणी तर करूच नका. ‘बीड’ रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडते, आणि आता धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर अशी नावे नव्या फायलींत आहेत, जुन्यांत नाहीत. संकेतांकांवर जुळवा, पण तेही दर गणनेला बदलतात. २०११ मध्ये महाराष्ट्राचे जिल्हे ४९७ नंदुरबारपासून ५३१ सांगलीपर्यंत आहेत, २००१ चे क्रमांक वेगळे. त्यामुळे दोन गणनांमधला दुवा देणारा एक तक्ता हाताने करावाच लागतो. एकदाच करायचा आणि जपून ठेवायचा.

गोव्याचे काय?

गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, त्यामुळे त्याआधीचे आकडे पोर्तुगीज गणनांचे आहेत आणि त्यांची वर्षे १९५० व १९६० अशी पडतात. १९८१ पर्यंतच्या भारतीय तक्त्यांत ‘गोवा, दमण व दीव’ असा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. राज्य झाले ३० मे १९८७ रोजी. ‘गोवा १९८१’ म्हणून उचललेल्या आकड्यात दमण-दीव शिरलेले नाहीत ना, एवढे पाहून घ्या.

साक्षरता १९५१ मध्ये १८ टक्के होती आणि २०११ मध्ये ७३. ही तुलना बरोबर आहे का?

दिशा बरोबर, माप वेगळे. १९५१, १९६१ आणि १९७१ चे दर पाच वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत. १९८१ पासूनचे प्रचलित दर सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे. म्हणून १९८१ साठी ३६.२ आणि ४३.६ असे दोन आकडे सापडतात: पहिला एकूण लोकसंख्येवर काढलेला, दुसरा सात वर्षांपुढच्यांवर. एका आलेखात दोन्ही मिसळले की मध्येच नसलेली उडी किंवा घसरण उमटते.

स्वतः काढताना सर्रास होणारी चूक म्हणजे साक्षरांना एकूण लोकसंख्येने भागणे. प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यात ० ते ६ वयोगटाचा वेगळा रकाना असतो. एकूणातून तो वजा करायचा आणि उरलेल्याने भागायचे. शिवाय २०११ चा ७४.० हा तात्पुरता आकडा, अंतिम ७३.०. वर्तमानपत्रांत अजूनही ७४ च फिरतो.

१९६१ ते १९७१ मध्ये कामकरी स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावर आले. दुष्काळामुळे?

प्रश्नावलीमुळे. १९६१ मध्ये हंगामी कामात रोज तासभर नियमित काम केले तरी कामकरी धरत होते. १९७१ मध्ये ‘मुख्य काम काय?’ असे विचारले गेले. शेतात राबणाऱ्या बाईने किंवा तिच्या वतीने घरच्या पुरुषाने ‘घरकाम’ सांगितले आणि ती मोजणीतून गळली. देशात प्रमाण २८ टक्क्यांवरून १४ वर आले. १९८१ पासून मुख्य कामकरी, सीमांतिक कामकरी आणि काम न करणारे अशी विभागणी आली, वर्षातले १८३ दिवस ही मुख्य कामाची सीमा ठरली, आणि आकडा पुन्हा चढू लागला. १९७१ चा बिंदू आलेखात ठेवायचाच असेल तर पोकळ वर्तुळाने दाखवा आणि खाली टीप द्या. आमच्या मते तो वगळलेलाच बरा.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ ला ७.१ टक्के आणि १९९१ ला ११.१. दहा वर्षांत एवढी वाढ?

ही माणसे तिथेच होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर लाखो लोकांनी १९६१ च्या गणनेत ‘बौद्ध’ अशी नोंद केली. राज्यात १९५१ ला बौद्धांची संख्या नगण्य होती, १९६१ ला ती सुमारे २७.९ लाख झाली. पण तेव्हाच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत फक्त हिंदू आणि शीख येत, म्हणून ही माणसे त्या रकान्यातून बाहेर पडली. १९९० मध्ये कायदा बदलला, बौद्धही त्यात आले, आणि १९९१ च्या तक्त्यात प्रमाण वर गेले. या काळात दलित लोकसंख्येचा माग काढायचा तर जातीचा आणि धर्माचा तक्ता शेजारी ठेवूनच वाचावा लागतो. दोन्हींची सरळ बेरीज मात्र १९६१ ते १९८१ साठीच करा. १९९१ नंतर तीच माणसे दोन्हीकडे मोजली जातात.

अनुसूचित जमातींचीही गत तीच. १९७१ ला ५.९ टक्के, १९८१ ला ९.२. इथे १९७६ च्या दुरुस्तीने क्षेत्राची अट उठली. आधी काही जमातींना विशिष्ट तालुक्यांतच मान्यता होती, नंतर ती राज्यभर लागू झाली. तालुकानिहाय तक्ता पाहिला तर जिथे आधी जवळजवळ शून्य होते, तिथे एकदम हजारोंच्या नोंदी दिसतात. यातल्या काही नोंदींवरचे वाद अजून न्यायालयांत चालतात, तो निराळा विषय.

सगळ्या जातींची जुनी आकडेवारी मिळते का?

१९३१ पर्यंतची मिळते. १९४१ मध्ये जात विचारली, पण युद्धामुळे तक्ते झाले नाहीत. स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. २०११ ची सामाजिक-आर्थिक व जात पाहणी जनगणना कायद्याखाली झालेली नव्हती, तिची जनगणनेशी गल्लत करू नका.

गाव ‘शहर’ कधी होते?

दोन वाटा आहेत. नगरपालिका, महापालिका, कटक मंडळ असेल तर ते वैधानिक शहर. नसेल, पण लोकसंख्या ५,००० च्या पुढे, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि पुरुष मुख्य कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात असतील, तर ते जनगणना शहर. कारभार ग्रामपंचायतीचा, मोजणी शहरात. अशी जनगणना शहरे देशात २००१ ला १,३६२ होती, २०११ ला ती ३,८९० च्या वर गेली. देशाचा शहरी वाटा त्याच दशकात २७.८ वरून ३१.२ टक्के झाला, आणि त्यातला बराच भाग लोक शहरात गेल्याने नव्हे, तर गावालाच शहर म्हटल्याने आला. ‘स्थलांतर वाढले’ असे लिहिण्याआधी स्थलांतराचे डी-मालिकेतले तक्ते उघडा.

जनगणना ९४३ म्हणते आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १०२०. स्त्रिया पुरुषांहून जास्त झाल्या का?

नाही. सर्वेक्षण आदल्या रात्री त्या घरात मुक्कामी असलेली माणसे मोजते. वसतिगृहे, छावण्या, बांधकामावरच्या झोपड्या, तुरुंग त्यात नाहीत, आणि तिथे पुरुष जास्त असतात. लिंगगुणोत्तराचा बदल पाहायचा तर जन्मावेळचे गुणोत्तर किंवा ० ते ६ वयोगटाचे घ्या. देशात ० ते ६ चे गुणोत्तर १९९१ ला ९४५, २००१ ला ९२७ आणि २०११ ला ९१८ होते. बीड जिल्ह्यात एका दशकात ८९४ वरून ८०७ वर आले. एकूण गुणोत्तर सुधारत असताना मुलींचे गुणोत्तर ढासळत होते. एकच आकडा पाहणाऱ्याला हे कळलेच नसते.

सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात लसीकरण ६० वरून ६८ झाले. बातमी करावी का?

थांबा, आधी नमुना पाहा. जिल्ह्यात साधारण ९०० घरे घेतली जातात, पण लसीकरण मोजले जाते फक्त १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचे. समजा ती २०० आहेत. ६० टक्क्यांसाठी प्रमाण त्रुटी ०.६ × ०.४ भागिले २०० याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.५ टक्के गुण. ९५ टक्के खात्रीसाठी ते १.९६ ने गुणले की ६.८. एका वस्तीतली मुले एकसारखी असतात म्हणून ते साधारण सव्वापट करा: ८.५. दोन फेऱ्यांच्या फरकाला पुन्हा १.४१ ने गुणा: जवळपास १२. म्हणजे आठ गुणांची वाढ नमुन्याच्या चढउतारातच बसते. राज्य पातळीवर हाच फरक ठाम ठरू शकतो. पत्रकात कंसातला आकडा २५ ते ४९ नोंदींवरचा असतो आणि तारा दिसला तर २५ पेक्षा कमी. कंसातल्या आकड्यावरून मथळा करू नये.

कच्ची फाईल घेत असाल तर भारांक, म्हणजे प्रत्येक नोंदीला द्यायचे वजन, १० लाखांनी भागून वापरायला विसरू नका. भारांकाविना काढलेली टक्केवारी मोठ्या राज्यांचे वजन कमी करते.

आणखी एक सापळा कुपोषणात आहे. पहिल्या फेरीत चार वर्षांखालची मुले मोजली, दुसरीत तीन वर्षांखालची, तिसरीपासून पाच वर्षांखालची. शिवाय २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे नवे वाढमानक आले. त्यामुळे खुजेपणाची (वयाच्या मानाने कमी उंचीची) मालिका २००५-०६ पासूनच धरा: ४८.०, ३८.४, ३५.५ टक्के.

जुन्या काळचे रुपये आजच्या रुपयांत कसे आणायचे?

औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने. त्याची पायाभूत वर्षे १९६०, १९८२, २००१ आणि २०१६, आणि सांधणारे गुणक ४.९३, ४.६३ व २.८८. तिन्हींचा गुणाकार ६५.७. म्हणजे १९६० चा महिना १५० रुपये पगार २०१६ च्या भावाने सुमारे ९,८६० रुपये. दोन मालिकांचे आकडे गुणकाशिवाय एका रकान्यात उतरवले की ‘महागाई एका महिन्यात निम्म्याहून खाली आली’ असा विनोद तयार होतो.

कुटुंबाच्या खर्चाची तुलना जास्त नाजूक आहे. खर्चात अन्नाचा वाटा ग्रामीण भारतात २०११-१२ च्या ५२.९ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ४६.४ वर आला. पण नव्या पाहणीत एका घराला एकाऐवजी तीन भेटी होत्या आणि वस्तूंची यादीही लांबली होती. दिशेवर विश्वास ठेवा, दशांशावर नाही.

वाढीचा वार्षिक दर कसा काढायचा?

दशकाची वाढ दहाने भागू नका. २००१ ते २०११ मध्ये लोकसंख्या १७.७ टक्के वाढली. वार्षिक दर १.७७ नव्हे, १.६४. शेवटची संख्या भागिले पहिली, त्याचे दहावे मूळ, वजा एक. १९७१ च्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्चऐवजी १ एप्रिल होती, त्यामुळे त्या दोन दशकांचे अंतर नेमके दहा वर्षे नाही. आणि साक्षरता ६४.८ वरून ७३.० झाली म्हणजे ८.२ टक्के गुणांनी वाढली, ८.२ टक्क्यांनी नाही.

वयाच्या तक्त्यात ३०, ३५, ४० ला उंच सुळके का?

लोक वय गोळाबेरीज सांगतात. किती, ते व्हिपल निर्देशांकाने मोजा: सी-१३ तक्त्यातून २३ ते ६२ वयाची माणसे घ्या, त्यांतील ० किंवा ५ ने संपणाऱ्या वयांची बेरीज पाचने गुणा, एकूण संख्येने भागा, शंभरने गुणा. १०० आले तर गोळाबेरीज नाही, ५०० आले तर सगळीच. एकेका वयाऐवजी पाच-पाच वर्षांचे गट वापरले की त्रास बराच कमी होतो. गंमत म्हणजे साक्षरतेबरोबर हा निर्देशांक सहसा उतरतो, म्हणून आकडेवारीतली ही चूकच बदलाचे एक माप म्हणून वापरता येते.

फाईल उघडली, बेरीज केली, लोकसंख्या चौपट आली.

गोषवाऱ्याच्या फायलीत देश, राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव या सगळ्या पातळ्या एकाखाली एक असतात, वर प्रत्येकाच्या ‘एकूण’, ‘ग्रामीण’, ‘शहरी’ अशा ओळी. एक पातळी आणि एक प्रकार गाळून घेतल्याशिवाय बेरीज करायची नाही. संकेतांकांचे रकाने उघडण्याआधीच मजकूर म्हणून ठरवा, नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्ये खाते. स्कॅन केलेल्या जुन्या पानांवरून आकडे उतरवताना ३ चा ८ आणि १ चा ७ होतो; पुरुष अधिक स्त्री बरोबर एकूण आणि ग्रामीण अधिक शहरी बरोबर एकूण, या दोन तपासण्या प्रत्येक ओळीवर लावा. जुन्या मराठी सरकारी पीडीएफमधला मजकूर युनिकोडमध्ये नसेल तर नक्कल केल्यावर अगम्य अक्षरे येतात. तिथे आकडे हाताने टंकणे हाच जलद मार्ग ठरतो.

२०११ नंतर काय वापरायचे?

२०२१ ची गणना कोविडमुळे लांबली. नव्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी अधिसूचित झाली आहे. बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. मधल्या वर्षांसाठी केंद्राने नेमलेल्या तांत्रिक गटाचे २०११ ते २०३६ चे लोकसंख्येचे अंदाज आहेत, पण ते अंदाजच आहेत. त्यांच्यावरून दरडोई काही काढले तर ‘अंदाजित लोकसंख्येवर’ असे लिहा, आणि राज्याच्या खाली ते ताणू नका.

२०२७ चे तक्ते आले की ठाणे जिल्हा सर्वांत आधी फसवेल. २०११ मध्ये १ कोटी १० लाखांचा, देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा हा जिल्हा पालघर धरून होता. २०११ च्या तालुका तक्त्यातून वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके आताच वेगळे करून ठेवले, तर तुलनेचा पाया तयार राहील.